चिखलपक्ष्यांचे फोटो : आक्षी आणि शिवडी (आधी लेन्स की आधी पंचांग?)

ओवी

नमस्कार मंडळी. सव्वीस जानेवारीला जोडून तीन दिवस मिळताहेत. बेत असा : शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, तिथून अलिबागला लागूनच असलेल्या आक्षीला मुक्काम. सोमवारी परत, आणि अंगात त्राण उरलं तर शिवडी किंवा ऐरोलीची बोट. उद्देश एकच, किनाऱ्यावर चिखलात-वाळूत चोची खुपसत हिंडणारे पक्षी टिपणे.

तळ्याकाठचे पक्षी मी बऱ्यापैकी टिपते. शेकाट्या, वंचक, जांभळी पाणकोंबडी असे सगळे जमवून झालेत. समुद्रावर मात्र पक्षी लांब, आकाराने लहान आणि हिवाळ्यात सगळे करडे.

घरात वाद चालू आहे. माझ्याकडे क्रॉप (म्हणजे छोट्या) सेन्सरचा कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स. नवऱ्याचं म्हणणं, १५०-६०० भाड्याने घे. माझं म्हणणं, जवळ जाता आलं तर ३०० पुरते, आणि नाही आलं तर ६०० नेसुद्धा ठिपकेच येतात. भाड्याच्या पैशांत दोन वेळचं सुरमईचं ताट होतं. तर कोण बरोबर? शिवाय कुठल्या वेळी जायचं, कुठे बसायचं, कुणी तिथे फोटो काढलेत का, सगळं सांगा. सासूबाई सोबत आहेत, त्यामुळे मैलभर चिखल तुडवायचे सल्ले नकोत.

दुर्बीणवाला

लेन्स राहू द्या. आधी पंचांग काढा.

ओवी

मुहूर्त बघू म्हणता?

दुर्बीणवाला

हो, आणि चेष्टा करत नाहीये. हे पक्षी घड्याळावर चालत नाहीत, भरती-ओहोटीवर चालतात. ओहोटीला वाळू आणि चिखल उघडा पडला की ते किडे, शिंपले, खेकड्याची पिल्लं शोधत पसरतात. पूर्ण ओहोटीला ते पाण्याच्या कडेला, म्हणजे तुमच्यापासून पार लांब असतात. पूर्ण भरतीला खायला जागाच उरत नाही, मग सगळे एखाद्या कोरड्या पट्ट्यावर किंवा मिठागरात जाऊन एका पायावर उभे राहतात, चोच पाठीच्या पिसांत. फोटोला चांगला काळ या दोन्हींच्या मधला. पाणी चढत असेल तर ते पक्ष्यांना आपसूक तुमच्याकडे ढकलतं. तुम्ही फक्त बसून राहायचं.

दुसरी गोष्ट उजेड. आक्षीचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी, पक्ष्यांवर सरळ प्रकाश. संध्याकाळी त्याच जागी तुमच्या डोळ्यांत सूर्य आणि पक्षी काळे. शिवडीचं उलट. तो मुंबईचा पूर्व किनारा, तिथे सकाळी सूर्य समोर आणि दुपारनंतर पाठीशी. ‘शिवडीला सकाळी गेलो, फ्लेमिंगो दिसले पण फोटो काळपट आले’ अशी रड दरवर्षी ऐकतो. त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नसतो.

आगरी_पोर

पंचांगाचं खरं आहे. आमच्याकडे शिवल्या नि कालवं काढायला जाणाऱ्या बाया मोबाईल न बघता वेळ सांगतात. हिशेब सोपा : तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून जायच्या आदल्या दिवशी भरतीचा तक्ता बघून घ्यायचा.

दुसरं म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास उधाण. पाणी खूप चढतं आणि तेवढंच लांब ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी जास्त चढत नाही, जास्त उतरतही नाही. सासूबाईंना घेऊन जाताय तर भांगच बरा, पाण्याची कड फार लांब जात नाही.

टेकडीवरचा

म्हणजे संकष्टीला उपास तर उपास, वर पक्षीपण नाहीत :)

शेकाट्या

@आगरी_पोर, दंडवत. इतकी वर्षं ॲपवर तक्ते बघतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

दुर्बीणवाला

आता ओवींच्या तारखा घालून बघू. यंदा रथसप्तमी रविवारी, २५ तारखेला आहे. म्हणजे शनिवारी षष्ठी, सोमवारी अष्टमी. पाऊणपटीने रविवारी भरती सव्वापाचला, सकाळी आणि संध्याकाळी दोन्हीकडे. सूर्योदय सव्वासातच्या आसपास. तुम्ही पोचाल तेव्हा पाणी उतरायला लागून दोन तास झालेले, नुकती उघडी पडलेली ओली वाळू समोर, भांग असल्यामुळे पाण्याची कड जवळच, आणि सूर्य पाठीशी. साडेनवापर्यंत काम आटपा.

सोमवारी अष्टमी, भरती सहाला. दुपारी साडेतीन-चारला शिवडीच्या धक्क्यावर पोचलात तर पाणी चढतंय, पक्षी किनाऱ्याकडे सरकताहेत आणि सूर्य तुमच्या पाठीमागे. सुट्टी कुणी ठरवली माहीत नाही, पण जमली आहे.

मी_पामर

पंचांग झालं, आता लेन्सबद्दल बोलूया का? धागा त्यासाठी आहे.

साधा हिशेब. पंधरा सेंटिमीटरचा पक्षी, म्हणजे चिमुकला चिखल्या, पंधरा मीटरवर. ३०० मिलिमीटरवर त्याची सेन्सरवरची प्रतिमा तीन मिलिमीटर. क्रॉप सेन्सरची उंची सुमारे पंधरा मिलिमीटर. म्हणजे चौकटीच्या उंचीचा पाचवा भाग पक्षी, बाकी वाळू. ६०० वर तोच सहा मिलिमीटर. आणि पंधरा मीटरवर चिखल्या येऊ देईल तेव्हा. तीस मीटरवर ३०० ने काय मिळणार ते तुम्हीच काढा. नवऱ्याचं ऐका.

ओवीचा_नवरा

धन्यवाद. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

ओवी

तू इथे कधी सभासद झालास?

मंदार_पेण

@मी_पामर, गणित बरोबर आहे पण अपुरं आहे. किनाऱ्यावर ऊन चढलं की तापलेल्या वाळूवरून हवा हलायला लागते. मग ६०० असो की ८००, चाळीस मीटरवरच्या पक्ष्याचं पीस न् पीस विरघळतं. लोक फोकस चुकला समजून लेन्स दुरुस्तीला देतात. त्या हवेवर एकच उपाय, पक्षी आणि तुम्ही यांच्यातलं अंतर कमी करणे. नाहीतर सकाळी लवकर जाणे.

आणि अंतर कमी करायचा उपाय म्हणजे चालत जाणं नव्हे. उभा माणूस किनाऱ्यावर चालत आला की पक्षी तेवढाच पुढे सरकतो, आणखी चाललात तर उडतो. पोटावर झोपा. खरंच. पाण्याच्या कडेपासून थोडं अंतर ठेवून, पक्षी ज्या दिशेने खात येताहेत त्याच्या पुढे जाऊन आडवे व्हा आणि हलू नका. सँडरलिंग नावाचे छोटे पक्षी तर लाटेच्या मागे-पुढे पळता पळता इतके जवळ येतात की लेन्सचं किमान अंतर आडवं येतं. मी जुन्या तव्याचा दांडा कापून त्यावर बॉलहेड (कॅमेरा धरणारा फिरता गोळा) बसवलाय. वाळूवर सरकतो, कॅमेरा कोरडा राहतो, आणि लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर येते. उभ्याने काढलेल्या फोटोत मागे नुसती वाळू येते. झोपून काढलेल्यात मागची लाट आणि आकाश पुसट होऊन जातं, पक्षी वेगळा उठून दिसतो. हा फरक कुठल्याच लेन्सने येत नाही.

गुलमोहर

तवा :D घरच्यांनी काही म्हटलं नाही?

मंदार_पेण

नॉनस्टिक होता. लेप गेलेला.

चकलीताई

मी आक्षीला अशी आडवी झाले होते तेव्हा गावातल्या दोघी येऊन ‘ताई, कानातलं हरवलं का?’ म्हणून माझ्यासोबत वाळू चाळायला बसल्या. पक्षी गेले, पण त्यांच्याकडे पोपटीचं आमंत्रण मिळालं. हा फोटोपेक्षा चांगला सौदा होता.

काही व्यावहारिक : खारं पाणी आणि बारीक वाळू हे कॅमेऱ्याचे शत्रू. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर आधी फुंकणीने वाळू उडवा, मग साध्या पाण्याने ओल्या केलेल्या, घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी पुसा, मग कोरड्याने. वाळू असताना थेट पुसलंत तर काचेवर ओरखडे. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर महिन्याभरात स्क्रू गंजतात.

गोंयकार

आमच्याकडे मोरजीला या कधीतरी. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे वाळूच्या पट्ट्यावर सीगल, सुरय आणि चिखल्यांचे थवे बसतात. याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालतात, त्यामुळे काही भाग राखलेला असतो. पण बाकी किनाऱ्यावर शॅक आणि मोकाट कुत्री. कुत्रं एकदा थव्यातून पळालं की तासभर काही खरं नाही. चोडणला सलीम अलींच्या नावाचं अभयारण्य आहे, तिथे कांदळवनात होडीतून फिरता येतं, पण ते किंगफिशर आणि बगळ्यांसाठी. उघड्या वाळूवरचे पक्षी हवेत तर मोरजीच.

नॉर्विचकर

पूर्व इंग्लंडमधून लिहितोय. इथे वॉश नावाचं मोठं आखात आहे, त्याच्या काठावर स्नेटिशम. मोठ्या उधाणाच्या दिवशी तिथला सगळा चिखल पाण्याखाली जातो आणि नॉट जातीचे हजारो पक्षी एकदम उठून मागच्या तळ्यांवर येऊन बसतात. अशा दिवसांच्या तारखा आणि वेळा आधीच जाहीर होतात, माणसं अंधारात येऊन रांगेने उभी राहतात. तळ्याशी लपणं आहेत, त्यातून बघायचं. बाहेर येऊन जवळ जायचा प्रयत्न कुणी केला तर शेजारचा आजोबाच दटावतो.

त्यामुळे ‘पक्ष्यांच्या विश्रांतीच्या जागी जाऊ नका’ हे इथे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. तुमच्याकडे उन्हात पोटावर झोपता येतं याचा मात्र हेवा वाटतो. इथे जानेवारीत झोपलो तर उठवायला क्रेन लागेल.

बिनधास्त_क्लिक

एक विचारतो, मारू नका. उडत्या थव्याचा फोटो हवा असेल तर थोडं पळत जाऊन उडवलं तर काय बिघडतं? दोन मिनिटांनी परत बसतातच की. सगळे करतात, कुणी कबूल करत नाही इतकंच.

दुर्बीणवाला

बिघडतं, आणि बरंच बिघडतं. हे पक्षी इथे आपल्यासाठी आलेले नाहीत. मध्य आशिया, सायबेरिया, लडाख-तिबेटच्या पठारावरून ऑगस्टपासून यायला लागतात, एप्रिल-मेमध्ये परत निघतात. परतीच्या आधी अंगात चरबी साठवायची असते, तीच त्यांची पेट्रोलची टाकी. बार-टेल्ड गॉडविट या लांब चोचीच्या किनारपक्ष्याच्या एका पिल्लाने, वय जेमतेम पाच महिने, २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर न थांबता कापले, अकरा दिवसांत. पाठीवर उपग्रहाचा ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. तो आपल्या मार्गावरचा नव्हता, पण आक्षीला बार-टेल्ड गॉडविट येतात, त्यांचंही शरीर त्याच बेताचं. खायला मिळतात मोजके तास, दोन भरतींच्या मधले. त्यातला वेळ तुम्ही उडवण्यात घालवलात, पुढच्याने त्याच्या फोटोसाठी घालवला, मग कुत्र्याने. हिशेब दिवसाचा करा, एका फोटोचा नको.

बिनधास्त_क्लिक

मान्य, पण मग अलिबागच्या किनाऱ्यावर घोडागाड्या, चारचाकी बाईका, स्पीडबोटी, त्यांना कोण सांगणार? सगळे नियम दुर्बीण गळ्यात अडकवलेल्यालाच का?

आगरी_पोर

तो प्रश्न बरोबर आहे. पण ती बाईक चालवणारा सीझनवर पोट भरतो. तू पळत जाऊन उडवतोस ते कशासाठी? लाइकसाठीच ना. आणि उडता थवा फुकट मिळतो की. पाणी चढत असताना बसून राहा, पक्षी स्वतःच पट्ट्यावरून पट्ट्यावर उडत मागे येतात. घार आली तर सगळेच उठतात. शटर १/२००० च्या वर ठेव, आणि वाट बघ. आमच्या होडीत बसणारे फोटोवाले ‘जरा जवळ घे, जरा जवळ घे’ करत राहतात. मी इंजिन बंद करतो, सरळ. वाहत वाहत गेलं की पक्षी बघतच नाहीत आपल्याकडे.

शेकाट्या

आगरी_पोरला +१००

इतिहासवेडा

अवांतर : आक्षीला जाताच आहात तर तिथला शिलालेख बघा. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो, शिलाहार राजा केसीदेव याचा. मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून अनेक अभ्यासक श्रवणबेळगोळच्या आधी याचं नाव घेतात. वरती सूर्य-चंद्र कोरलेत, खाली गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली गाढवाची शिवी. दुपारी पक्षी नसतात तेव्हा काय करायचं याचं उत्तर मिळालं.

मी_पामर

सूर्य-चंद्र कोरलेत म्हणजे शिलाहारांनाही भरतीचा हिशेब माहीत होता.

इतिहासवेडा

नाही हो, ‘चंद्रसूर्य असेतो हे दान चालू राहो’ असा अर्थ असतो. पण तुमचा विनोद पोचला.

गुलमोहर

मूळ विषयावर येते. ओवी म्हणते तसं, सगळे करडे! घरी येऊन पाचशे फोटो बघते आणि प्रत्येकाखाली ‘कुठलातरी चिखल्या’ लिहिते. ओळखायचं कसं?

दुर्बीणवाला

रंग सोडून द्या. हिवाळ्यात रंग फसवतात. चोच, पाय आणि चाल, या तीन गोष्टी बघा.

चिखल्या म्हणजे प्लव्हर मंडळी आखूड चोचीची. पळतात, थबकतात, टिपतात, परत पळतात. त्यांची शिकार नजरेवर चालते. सँडपायपर, गॉडविट, कर्ल्यू यांची चोच लांब, ती चिखलात खुपसून स्पर्शाने शोधतात, त्यामुळे मान खाली आणि एकसारखं टोचणं चालू. एवढ्यावर निम्मी वाटणी होते.

मग बारकावे. आक्षीला हमखास दिसेल तो सँडरलिंग, पांढुरका, काळे पाय, लाट मागे गेली की मागे आणि आली की पुढे पळणारा. केंटिश प्लव्हरच्या गळ्यातली काळी पट्टी पुढून तुटलेली असते. टेरेक सँडपायपरची चोच वर वळलेली, पाय आखूड आणि नारिंगी-पिवळे, आणि सतत कुठेतरी उशीर झाल्यासारखी धावपळ. कर्ल्यू सँडपायपरची चोच खाली वळलेली. ब्रॉड-बिल्ड सँडपायपरला भुवईची पांढरी रेघ दुहेरी असते, फोटोत झूम केल्यावर ती दिसली की माणूस खुर्चीतून उठतो. खडक असतील तिथे टर्नस्टोन, नावाप्रमाणे दगड-शंख उलथून बघतो. आणि कालवफोड्या ओळखता आला नाही तर चष्मा बदला : काळा-पांढरा, भडक नारिंगी लांब चोच.

कर्ल्यू आणि व्हिम्ब्रेलमध्ये गोंधळ झाला तर डोकं बघा. व्हिम्ब्रेलच्या डोक्यावर गडद पट्टे, चोच त्यामानाने आखूड.

पुस्तकीपक्षी

एक भर. लेसर सँड प्लव्हर आता त्या नावाने शोधू नका. २०२३ मध्ये त्याचे दोन वेगळे पक्षी मानले गेले, सायबेरियन आणि तिबेटन. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतो तो तिबेटन. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तुमच्या यादीत नाव आपोआप बदललेलं दिसेल.

टेकडीवरचा

आधीच एक ओळखता येत नव्हता, आता दोन केले.

मंदार_पेण

फोटोसाठी आणखी एक. समुद्री बगळा, पांढरा असेल तर, गडद ओल्या वाळूवर कॅमेरा फसतो आणि बगळ्याची पिसं पांढरी धोप होतात. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी ठेवा. याच बगळ्याचं राखाडी-काळं रूपही असतं, त्याला उलट थोडं वाढवा. आणि फोकस डोळ्यावर. चोच लांब असली की कॅमेरा चोचीचं टोक पकडून बसतो.

खारफुटी

ऐरोलीबद्दल कुणी बोललंच नाही. ठाणे खाडीचा साडेसोळा-सतरा चौरस किलोमीटरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. वेळ भरतीवर ठरते, कारण ओहोटीला होडी चिखलात रुतेल. म्हणून तारीख बघून आधी जागा राखून ठेवा. बोटीतून फोटो काढताना ट्रायपॉड निरुपयोगी, हातात धरायची लेन्स लागते. इथे ओवींची ७०-३०० किंवा १००-४०० हीच सोयीची. सहाशेवाला माणूस हलत्या होडीत लेन्स सांभाळतो, पक्षी बाकीचे बघतात.

फ्लेमिंगोंपुरतंच बघू नका. त्यांच्या पायाशी काळ्या शेपटीचे पाणटिवळे (गॉडविट), उचाट्या, टिलवे अशा पक्ष्यांची गर्दी असते आणि कुणी त्यांचा फोटो काढत नाही.

नॉर्विचकर

मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले, ती बातमी इथेही दाखवली होती. मुंबईच्या मधोमध एवढे फ्लेमिंगो असतात हे माझ्या इंग्रज शेजाऱ्याला त्या दिवशी कळलं. चांगल्या कारणाने कळायला हवं होतं.

खारफुटी

हो. आणि उलवे-उरण-नवी मुंबईकडच्या पाणथळींत भरतीचं पाणी यायचे मार्ग बुजत चाललेत. भरतीला बसायला जागा नसली तर ओहोटीला चिखल कितीही असून उपयोग नाही. मुलुंड-भांडुपची मिठागरं ही त्या पक्ष्यांची बसायची जागा. तिथे काय बांधायचं याची चर्चा होते तेव्हा ही गोष्ट कुणी काढत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

शिवडीला अटल सेतूचं काम चालू असताना पक्षी कमी झाले असं बरेच जण म्हणायचे. पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. अजूनही तिथे पक्षी येतात, पण फ्रेममध्ये पूल येणार हे धरून चला. मला विचाराल तर येऊ द्या. पूल, मागे धुराडी, पुढे गुलाबी रांग, हाच मुंबईचा खरा फोटो.

बिनधास्त_क्लिक

हे पटलं. मी आजवर पूल कापत आलोय.

ओवी

(धागा वर काढते.) जाऊन आलो! सगळ्यांचे आभार, आगरी_पोरचे जास्त.

रविवारी सातला किनाऱ्यावर होतो. पाऊणपटीचा हिशेब जवळजवळ तंतोतंत. पाणी उतरत होतं, कड जवळ, आणि सुरूच्या बनाकडून चालत आल्या आल्या समोर सँडरलिंग आणि केंटिश चिखल्यांचा थवा. मी झोपले. सासूबाईंनी घडीची खुर्ची टाकली आणि दुर्बीण घेतली. त्यांनी पहिला कालवफोड्या शोधला, आणि तेव्हापासून ‘माझा कालवफोड्या’ असंच चाललंय.

लेन्सचं सांगते. नवऱ्याने १५०-६०० आणलीच. सँडरलिंग माझ्या ३०० मध्ये छान बसले, त्यातले दोन-तीन तर चौकटीबाहेर जाईपर्यंत जवळ आले. नवऱ्याला त्या वेळी लेन्स घेऊन मागे सरकावं लागत होतं, ते बघण्यासारखं होतं. पण कालवफोड्या आणि एक व्हिम्ब्रेल शेवटपर्यंत लांबच राहिले, तिथे ३०० काही करू शकली नाही. नवऱ्याचे फोटो खरंच चांगले आले, नऊच्या आधीचे. साडेनवानंतर सगळं हलायला लागलं आणि आम्ही शिलालेख बघायला गेलो. गद्धेगाळ सासूबाईंना समजावून सांगायचं काम मी नवऱ्यावर सोपवलं.

सोमवारी रो-रोला इतकी गर्दी की शिवडीला पोचायला साडेचार झाले. फ्लेमिंगो यंदा थोडेच होते, पण पाणटिवळे शेकड्यांनी, आणि उजेड अगदी सांगितल्यासारखा.

आता नवा प्रश्न. शिवडीच्या एका पाणटिवळ्याच्या पायावर रंगीत पट्टी दिसतेय, त्यावर दोन-तीन अक्षरं असावीत. फोटो फार स्पष्ट नाही. त्याचं काय करायचं?

मी_पामर

तुमच्या हातात ६०० असती तर अक्षरं वाचता आली असती. एवढंच बोलून थांबतो.

ओवीचा_नवरा

मी स्क्रीनशॉट काढतोय.

पुस्तकीपक्षी

@ओवी, हे महत्त्वाचं आहे, टाकून देऊ नका. पक्ष्यांना पकडून अशा पट्ट्या आणि कडी लावतात, त्यावरून त्यांचा प्रवास कळतो. आपल्याकडे बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) हे काम करतं, त्यांच्याकडे कळवा. पट्टीचा रंग, ती डाव्या पायावर की उजव्या (पक्ष्याचा डावा-उजवा, तुमचा नव्हे), गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, दुसऱ्या पायावर काही आहे का, तारीख, वेळ, जागा. अक्षरं अर्धवट दिसत असतील तर अंदाज करू नका, दिसतं तेवढंच लिहा. मूळ फोटो कापाकापी न करता पाठवा. एका बर्स्टमधल्या, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग काढलेल्या, सगळ्या फ्रेम तपासा, पक्षी पाय उचलताना एखाद्यात पट्टी सरळ समोर येते.

ओवी

बर्स्टमध्ये बावीस फ्रेम आहेत. अठराव्यात पट्टी सरळ आली! डावा पाय, सांध्याच्या वर. शेवटचं अक्षर यू आहे की व्ही यावर घरात मतभेद आहेत.

पुस्तकीपक्षी

दोन्ही शक्यता लिहून पाठवा. आणि एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात भांडुपला या. तोवर पाणटिवळे आणि कर्ल्यू सँडपायपर विटकरी रंगात येतात, करडेपणाची तक्रार राहणार नाही.

आगरी_पोर

एप्रिलला येणार असाल तर दशमी ते द्वादशीमधली सकाळ धरा. भरती साडेसात ते नऊला, म्हणजे उजाडल्यापासून पाणी चढतंच असेल. होडीत चार जणांपेक्षा जास्त घेत नाही. सासूबाईंना आणा, त्यांची जागा पुढे.